हिशेबाच्या तक्त्यातील सूत्रांस कुलूप

आपल्या बीड जिल्ह्यातील जे शेतकरी बंधू कापसाचा हिशेब संगणकावर एक्सेलच्या तक्त्यात ठेवितात, त्यांजकरिता आम्ही हा पाठ देत आहो.

तक्त्यात वजन व भाव आपण लिहावयाचे. रक्कम मात्र चौकटीत घातलेल्या गुणाकाराच्या सूत्राने आपोआप निघते. समजा, २० क्विंटल कापूस ७,००० रुपये भावाने गेला. रक्कम १,४०,००० आली. कोणी त्या सूत्रावरच हा आकडा लिहिला, तर तत्काळ काहीच बिघडलेले दिसत नाही. पुढे वजन दुरुस्त करून २२ केले, तरी रक्कम हलत नाही. १४,००० रुपयांची तूट राहते आणि बटईदाराशी तंटा उभा राहतो.

एक्सेलमध्ये प्रत्येक चौकटीवर कुलपाची खूण मुळातच असते. परंतु पत्रकास संरक्षण दिल्यावाचून ते कुलूप लागत नाही. म्हणून प्रथम वजन व भाव यांच्या चौकटी निवडाव्या, कंट्रोल व १ या कळा एकत्र दाबाव्या आणि ‘प्रोटेक्शन’ या सदरातील ‘लॉक्ड’ची खूण काढावी. नंतर ‘रिव्ह्यू’मधील ‘प्रोटेक्ट शीट’ निवडून परवलीचा शब्द द्यावा. शेवटी रकमेच्या चौकटीत मुद्दाम लिहून पाहावे. एक्सेलने अडविले म्हणजे काम साधले.

तथापि हे कुलूप चुकीने लागणाऱ्या हातापुरतेच आहे. लबाडास ते पुरे पडत नाही, व भावच चुकीचा भरल्यास ते ओळखीत नाही. फेरफाराची नोंद एकाने घ्यावी व मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावी, ही महसुली रीत येथेही पाळावी असे आम्ही सुचवितो.