पर्वतीय जुन्या वेलींचे द्राक्षमद्य : एक गुणविचार

द्रव्याचे गुण ठरविताना देश, भूमी व काल यांचा विचार करावा, असा आपल्या शास्त्राचा दंडक आहे. मद्यवर्गातील याचे ठळक उदाहरण म्हणजे इटलीतील सिसिली बेटावर, एटना ज्वालामुखीच्या उतारावर होणारे ‘एटना रोसो’ हे तांबडे द्राक्षमद्य होय.

देशविचार : सुमारे 400 ते 1000 मीटर उंचीवर, लाव्हाच्या दगडांनी बांधलेल्या पायऱ्यांवर ‘नेरेल्लो मास्कालेसे’ या काळ्या द्राक्षाचे वेल आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा किडीने युरोपातील मळे उद्ध्वस्त केले. एटनाच्या वालुकामय मातीत मात्र ही कीड सहसा टिकत नाही. म्हणून कलम न केलेले, शंभरी ओलांडलेले वेल तेथे काही मळ्यांत आजही आहेत. जुना वेल घोस थोडे देतो. दिवसाची ऊब व रात्रीचा गारठा यांमुळे फळ सावकाश, बहुधा ऑक्टोबरात, पिकते व त्यातील अम्लरस टिकतो. सालीसह संधान केल्याने मद्यात रंग व कषाय रस उतरतो.

शास्त्रविचार : मार्द्वीक मद्य अविदाही व मधुरानुगत असल्याने सुश्रुताचार्यांनी ते रक्तपित्तातही निषिद्ध मानलेले नाही. या आधारावर, ‘हृदयासाठी रेड वाईन घ्यावी काय?’ या रुग्णाच्या प्रश्नाला होकार देण्याचा मोह होतो. तथापि चरकाचार्यांनी मदात्ययचिकित्सेत मद्याचे लघु, उष्ण, तीक्ष्ण आदी दहा गुण ओजाच्या दहा गुणांविरुद्ध सांगितले आहेत, आणि ओजाचे आश्रयस्थान हृदयच होय. देशविशेषाने रस व गंध सुधारतात. मद्यत्व कायम राहते.

मात्राविचार : 13.5 टक्के मद्यार्क असलेल्या वाईनच्या 150 मिलि पेल्यातून सुमारे 16 ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. द्राक्षारिष्टात तो 8 टक्के धरला, तरी 30 मिलि मात्रेत 2 ग्रॅमहून कमीच भरतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 साली मद्यपेयांना कर्करोगकारक ठरविले. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी 2023 मध्ये मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक नसल्याचे स्पष्ट केले.

सारांश, जो मद्य घेत नाही त्याला वैद्याने आरोग्यासाठी ते सुचवू नये. जो घेतो त्याला मात्रा कमी करण्यास सांगावे. गर्भिणी, यकृतविकारी, तसेच वॉरफरिन किंवा मधुमेहाची औषधे घेणारे रुग्ण यांना आसव-अरिष्टे लिहून देतानाही मद्यार्काचा हिशेब अवश्य ध्यानी घ्यावा.