बोलिंगच्या काउंटरवर: कार्डात किती भरायचे?

हॉटेलात आपण आधी जेवतो आणि मग बिल देतो. मॉलमधल्या बोलिंग सेंटरमध्ये बहुधा उलटे असते. आधी पैसे, मग शूज, मग लेन. वर्षातून एखाद्या वेळी येणाऱ्या गिऱ्हाइकाला मालक ओळखत नाही, त्यामुळे त्याने आगाऊ पैसे मागण्यात गैर काही नाही. पण मग तुमचे प्रश्नही पैसे देण्याआधीच विचारून झाले पाहिजेत.

आधी विचारा, दर माणशी एका गेमचा आहे की लेनचा तासाचा? एका गेममध्ये प्रत्येकाच्या दहा पाळ्या असतात आणि एका माणसाला साधारण दहा मिनिटे लागतात. समजा गेमचा दर माणशी २२० रुपये आणि लेनचा तासाला १,२०० रुपये आहे. सहा जण असाल तर एकेका गेमचे १,३२० रुपये होतील आणि वेळ तासभरच लागेल. तिथे लेन घेणे स्वस्त. दोघेच असाल तर ४४० रुपयांत काम होते. तास बिल फाडल्यापासून मोजतात की लेन मिळाल्यापासून, हेही विचारा. रविवारी संध्याकाळी या दोन्हींत बराच फरक पडतो. शूजचे भाडे, मोजे आणि कर दरात धरले आहेत का, हे दरफलकावर सापडले नाही तर तोंडी विचारायला संकोच नको.

खरी मेख असते ती प्रीपेड कार्डात. पुष्कळ ठिकाणी रोख किंवा यूपीआयने थेट गेमचे पैसे घेत नाहीत. आधी त्यांचे कार्ड घ्या, त्यात रक्कम भरा, असे सांगतात. वर "हजार भरा, बाराशेचे खेळा" अशी योजना असते. चौघांच्या कुटुंबाचा हिशेब करू. कार्डाचे ५० आणि भरलेले १,००० असे १,०५० रुपये खिशातून गेले. चार गेमना ८८० लागले. कार्डात तुमचे १२० उरले, शिवाय २०० रुपये बोनस. हा बोनस पुष्कळदा बोलिंगला चालत नाही, फक्त व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर चालतो. शिल्लक परत मिळत नाही आणि मुदत संपली की तीही जाते. तुम्ही मुदतीत पुन्हा आलाच नाहीत तर १७० रुपये गेले. बचत खात्याचा व्याजदर ३ टक्के धरला, तर एवढे व्याज मिळवायला सुमारे ५,७०० रुपये वर्षभर खात्यात ठेवावे लागतात.

दर आठवड्याला खेळणाऱ्याला ही योजना परवडते, कारण तो शिल्लक वापरून टाकतो. अधूनमधून जाणाऱ्याने त्या दिवसाच्या गेमपुरतीच रक्कम भरावी. कमी पडली तर पुन्हा भरता येते. जास्त झालेली मात्र काढता येत नाही.

अशा कार्डातली रक्कम म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. ज्याने कार्ड दिले त्याच्याकडेच ते चालते आणि त्यातून रोख काढता येत नाही. या प्रकारच्या कार्डाला रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागत नाही. सेंटर बंद पडले तर ५ लाखांचा ठेव विमाही लागू होत नाही, आणि कार्डाबद्दलची तक्रार घेऊन तुम्ही आमच्या शाखेत आलात तर आम्हाला काही करता येत नाही. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे सुट्टीत बंगळूरला खेळलात आणि राहता इंदूरला, तर इंदूरला दाखल करा. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. अर्थात १७० रुपयांसाठी आयोगापर्यंत कोण जाणार, हे सेंटरवाल्यालाही ठाऊक असते. तरी बिल जपून ठेवा. पिन लावणारे यंत्र मध्येच अडकले तर गेम संपायची वाट न पाहता लगेच काउंटरला सांगा आणि उरलेल्या पाळ्या किंवा नवा गेम तिथल्या तिथे मागून घ्या.

यूपीआयने पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण काउंटरवर आली नाही, असे झाले तर मात्र आमच्याकडे जरूर या. मागे रांग असते, मुले घाई करतात आणि माणूस लगेच दुसऱ्यांदा पैसे देतो. आधी ॲपमध्ये व्यवहाराची स्थिती पाहा. 'यशस्वी' दिसत असेल तर व्यवहार क्रमांक काउंटरवर दाखवा आणि त्यांना तपासू द्या. दुकानदाराला दिलेले पैसे असे मध्येच अडकले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप खात्यात परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, आणि ती तुम्ही तक्रार करण्याची वाट न पाहता जमा व्हायला हवी. झाली नाही तर बँकेत लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.