नेट झाली, पण वर्कलोड आहे का?

‘‘मुलगी एम.ए.ला फर्स्ट क्लासमध्ये आली. आता नेट काढली की झाली प्राध्यापक!’’ असं सांगणारे पालक पात्रतेच्या बाबतीत चुकत नाहीत. खुल्या प्रवर्गात पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट एवढ्यावर सहायक प्राध्यापक पदासाठी अर्ज करता येतो. सेट तर महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेतं. पण अर्ज करायला आधी जागा निघायला हवी, आणि जागा ठरते वर्कलोडवर.

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ‘यंदा वर्कलोड किती बसतोय?’ असं विचारतात, तेव्हा कामाच्या ताणाची चौकशी नसते. विषयाच्या आठवड्याला किती तासिका होतात, एवढंच विचारायचं असतं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांनी १४. (सोळाच तास, मजा आहे, असं म्हणणाऱ्यांनी एकदा पेपर तपासायला बसावं. एकूण काम किमान ४० तासांचं धरलेलं आहे.)

आता हिशेब मांडू. ४ श्रेयांकांचा थिअरी पेपर म्हणजे ६० तास. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ४ तासिका. असे चार पेपर एका सत्रात चालले, तर एका माणसाचे १६ तास भरतात. तिन्ही वर्षांचे मिळून दोनच पेपर असतील तर ८ तासिका. तेवढ्यावर पूर्णवेळ पद उभं राहत नाही. मग तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, माणूस घेतात. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टीत काहीच नाही.

मुलं कमी झाली की तुकडी जाते, तुकडी गेली की तासिका जातात, आणि शिकवणारा अतिरिक्त ठरतो. उलट, वर्कलोड भरपूर असला तरी अनुदानित महाविद्यालयात सहसंचालक कार्यालयाची तपासणी, शासनाची मान्यता, आरक्षणाची बिंदुनामावली असं सगळं पार पडेपर्यंत जाहिरात निघत नाही. तोवर पूर्ण पदाचे तास दोघा-तिघा सीएचबीवाल्यांत वाटून भागवतात. ही पद्धत मला अन्यायाची वाटते, पण आज ती सर्रास चालते.

म्हणून जाहिरातीत आधी ‘पूर्णवेळ’ आहे की ‘तासिका तत्त्वावर’, अनुदानित आहे की विनाअनुदानित, ते बघा. सीएचबी अनुभवासाठी एक-दोन वर्षं ठीक आहे, त्यावर संसार उभा करू नका. जोडीला बी.एड. केलंत तर कनिष्ठ महाविद्यालयाची वाटही मोकळी राहते.

आणि एम.ए.ची फी भरण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या दोन-तीन कॉलेजांत जाऊन त्या विषयाच्या विभागप्रमुखांना भेटा. टी.वाय.ला यंदा किती मुलं आहेत, एवढं विचारा.