हवेतील ओझोनचे मापन : उपग्रहावरून व जमिनीवरून

उपग्रहांनी केलेल्या वायुमापनाचे रंगीत नकाशे आता खेडोपाडी मोबाईलवर पाहावयास मिळतात. त्यामुळे अल्लीपूर परिसरातील शेतकरी बंधू एक प्रश्न विचारू लागले आहेत. नकाशात आपला भाग लाल दिसतो, तेव्हा कपाशीची पाने लाल पडण्याचे कारण हेच काय? प्रश्न रास्त आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वी नकाशातील आकडा नेमका कशाचा आहे, हे ग्रामकार्यकर्त्यांनी समजून घेणे अवश्य आहे.

हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी आली म्हणजे तिची परीक्षा दोन प्रकारे होते. काट्यावर सबंध मालाचे वजन होते, आणि पारखी मनुष्य गाडीत हात घालून मूठभर कापूस काढून त्याची प्रत पाहतो. वजनावरून तळचा कापूस ओला आहे की कोरडा ते कळत नाही. मुठीवरून माल किती क्विंटल आहे ते कळत नाही. उपग्रह हा काटा होय, आणि जमिनीवरील यंत्र ही मूठ होय.

प्रत्येक वायू सूर्यप्रकाशातील ठराविक किरण शोषून घेतो. जमिनीवरून परत फिरलेल्या प्रकाशात असे किरण किती कमी झाले, हे उपग्रहातील यंत्र पाहते आणि जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या हवेच्या उभ्या स्तंभात तो वायू एकंदर किती आहे, याचे गणित त्यावरून मांडले जाते. जमिनीवरील यंत्र मात्र नळीवाटे भोवतालची हवा ओढून घेते व एक घनमीटर हवेत वायू किती मायक्रोग्रॅम आहे ते सांगते. दोहोंची परिमाणे भिन्न असल्याने आकडे शेजारी मांडून लहानमोठे ठरविता येत नाहीत.

ओझोनच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा आहे. वातावरणातील सुमारे ९० टक्के ओझोन उंचावरील थरात असतो. तो सूर्याचे घातक किरण अडवितो आणि म्हणून उपकारक आहे. उरलेला सुमारे दहावा हिस्सा खालच्या हवेत असून त्यातील जमिनीलगतचा ओझोन पानांच्या रंध्रांतून आत शिरतो व पिकाची हानी करतो. एकूण ओझोनचा नकाशा मुख्यतः वरच्या थराचाच हिशेब दाखवितो. त्यावरून कपाशीवर किती ओझोन आहे हे जवळजवळ काहीच कळत नाही. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी हवामान खात्याने पुण्याहून ओझोनमापक फुगे सोडले आहेत. फुगा वर चढताना थराथराचा ओझोन मोजीत जातो.

हानी काल्पनिक नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००५ या एका वर्षी जमिनीलगतच्या ओझोनमुळे देशातील गव्हाचे सुमारे ३५ लाख टन व तांदळाचे सुमारे २१ लाख टन नुकसान झाल्याचा अंदाज दिला आहे. कापूस व सोयाबीन ही पिकेही त्यात विचारात घेतली होती.

जमिनीलगतचा ओझोन धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. कोळसा, डिझेल व काडीकचरा जळताना निघणारे नायट्रोजनचे वायू आणि काही बाष्पे यांवर ऊन पडून तो तयार होतो. नायट्रोजन डायऑक्साइड आपल्या भागात बव्हंशी खालच्याच हवेत राहतो, म्हणून त्याचा उपग्रही नकाशा अधिक उपयोगी पडतो. चंद्रपूर व कोराडी येथील औष्णिक वीजकेंद्रांसारखी उगमस्थाने अशा नकाशांतून हेरता येतात. मात्र २०१७ साली सोडलेला सेंटिनेल-५पी हा उपग्रह दुपारी दीडच्या सुमारासच वरून जातो, आणि त्याचा सर्वांत लहान चौकोनही सुमारे साडेपाच किलोमीटर लांब व साडेतीन किलोमीटर रुंद, म्हणजे १,९०० हेक्टरांहून मोठा असतो. त्यात आपले शेत, शेजारचे शिवार व मधला रस्ता यांची एकच सरासरी येते. सायंकाळी पेटविलेल्या पऱ्हाटीचा धूर त्या दिवशीच्या मापनात मुळीच येत नाही. ढगांखालचे त्यास दिसत नसल्यामुळे ऐन पावसाळ्यात कित्येक दिवस कोरे जातात.

मग नागपूरच्या स्वयंचलित केंद्राचा आकडा अल्लीपुरास लावावा काय? तेही धोक्याचे आहे. वाहनांतून नुकताच निघालेला नायट्रिक ऑक्साइड ओझोनास खाऊन टाकतो. त्यामुळे भर शहरात ओझोन कमी, आणि वाऱ्याच्या दिशेने दूर असलेल्या खेड्यात अधिक, असेही घडते. शिवाय पिकाची हानी एका दिवसाच्या आकड्याने ठरत नाही; हंगामभर उजेडाच्या वेळी हवेच्या १०० कोटी भागांत ओझोन ४० भागांच्या वर किती तास व किती गेला, याची बेरीज त्यासाठी धरतात. दिवसातून एकदा टाकलेल्या दृष्टिक्षेपातून ती मिळणे शक्य नाही.

आता लाल पानांविषयी. ओझोनची इजा प्रथम जुन्या पानांच्या वरच्या बाजूस, शिरांच्या मधल्या भागात बारीक तपकिरी अथवा फिकट ठिपक्यांच्या रूपाने दिसते. कडांपासून पान लाल होत असेल तर पान उलटून तुडतुडे पाहावेत. सबंध पान लाल पडत असल्यास लाल्या समजून नत्र व मॅग्नेशियमची उणीव, पाण्याचा ताण किंवा साचलेले पाणी आणि रात्रीची थंडी यांचा तपास करावा. नकाशावर विसंबून हा तपास टाळल्यास वेळेवर करावयाची फवारणी राहून जाते. ग्रामकार्यकर्त्यांनी कोणताही नकाशा दाखविताना वायूचे नाव, दिनांक, वेळ आणि आकडा स्तंभाचा आहे की जमिनीलगतचा, एवढे त्याखाली लिहून ठेवावे, आणि शंका असल्यास शेताच्या चार कोपऱ्यांतील व मधल्या झाडांची जुनी व नवी पाने वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत घालून कृषि विज्ञान केंद्रात तपासणीस न्यावीत.