जंगल कोण तोडतं – कुऱ्हाड की कायदा? कोस्टा रिका देशाचा धडा



'जंगलं का कमी होतात?' हा प्रश्न परीक्षेत आला की आपलं उत्तर ठरलेलं असतं. लोकसंख्यावाढ, शहरीकरण, औद्योगिकीकरण आणि वृक्षतोड. चार मुद्दे, चार गुण! हे उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे. झाड तोडणं हे कष्टाचं काम आहे. एखादा शेतकरी उन्हातान्हात राबून एकरच्या एकर जंगल साफ करतो, ते उगाच नाही. त्यातून त्याला काहीतरी मिळतं. काय मिळतं आणि ते कोण ठरवतं, हा आजच्या पाठाचा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी मध्य अमेरिकेतला एक चिमुकला देश पाहू: कोस्टा रिका. एका बाजूला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र. क्षेत्रफळ सुमारे ५१,००० चौ. किमी, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा साधारण सहावा हिस्सा. याच देशाने जंगल जवळजवळ संपवलं आणि याच देशाने ते पुन्हा उभं केलं, तेही एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात.

१) जंगल कसं गेलं?

१९४० च्या दशकात या देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली होता. १९८० च्या दशकात तो एक चतुर्थांशाच्या आसपास आला. चाळीस वर्षांत एवढं जंगल गेलं कुठे? लाकडासाठी गेलं असं आपल्याला वाटेल. पण तोडलेलं बरंचसं लाकूड जागेवरच जाळलं किंवा कुजलं. लोकांना लाकूड नको होतं, जमीन हवी होती.

याची तीन मुख्य कारणं लक्षात ठेवा.

पहिलं कारण म्हणजे जमिनीचा हक्क. जंगलाची जमीन ही 'रिकामी' जमीन मानली जाई. ती साफ करून जो कसेल, तिथे कुंपण घालेल, त्याचा त्या जमिनीवर ताबा धरला जाई आणि पुढे मालकीही मिळू शके. जमिनीवर केलेल्या कामाला तिथे स्पॅनिश भाषेत 'मेहोरास' म्हणत, म्हणजे 'सुधारणा'. जंगल तोडणं हीसुद्धा सुधारणाच! उलट जमिनीवर झाडं तशीच ठेवली, तर 'हा माणूस जमीन वापरत नाही' असं समजून दुसरा कोणी ती बळकावण्याची भीती. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी तुम्ही काय केलं असतं?

दुसरं कारण म्हणजे कर्ज. १९६० आणि १९७० च्या दशकांत गुरं पाळण्यासाठी बँका सढळ हाताने स्वस्त कर्ज देत. जंगल राखण्यासाठी मात्र कोणी कर्ज देत नव्हतं.

तिसरं कारण म्हणजे बाजार. अमेरिकेत हॅम्बर्गरसाठी स्वस्त गोमांसाची मागणी वाढली होती. कोस्टा रिकातली कुरणं ती भागवू लागली. म्हणजे झाड पडत होतं एका देशात आणि त्याचं कारण दुसऱ्या देशातल्या ताटात होतं.

थोडक्यात, कुऱ्हाड शेतकऱ्याच्या हातात होती, पण ती उचलायला लावणारे हात वेगळे होते.

२) वारं कसं फिरलं?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. अनेक ठिकाणी ही कथा 'सरकारने पैसे दिले आणि जंगल परत आलं' अशी एका ओळीत सांगितली जाते. प्रत्यक्षात क्रम असा होता:

• १९७० च्या दशकात राष्ट्रीय उद्यानं उभी राहू लागली. आज देशाची सुमारे एक चतुर्थांश जमीन संरक्षित आहे.

• १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देश कर्जसंकटात सापडला. गुरांसाठीची स्वस्त कर्जं आटली, गोमांसाचे भावही पडले. डोंगरउतारावरची निकस कुरणं परवडेनाशी झाली, लोकांनी ती सोडून दिली. सोडलेल्या जमिनीवर हळूहळू झुडपं आली, मग झाडं आली. जवळपास जंगल शिल्लक असेल तर पक्षी, वटवाघळं आणि वारा बिया आणून टाकतात. तिथे निसर्गाला रोपवाटिकेची गरज पडत नाही!

• निसर्ग पाहायला पर्यटक येऊ लागले. १९९० च्या दशकात पर्यटनातून मिळणाऱ्या परकीय चलनाने केळी आणि कॉफी या जुन्या निर्यात पिकांनाही मागे टाकलं.

• १९९६ मध्ये नवा वन कायदा आला. जंगल असलेल्या जमिनीचा वापर बदलायला या कायद्याने बंदी घातली. कालपर्यंत ज्याला 'सुधारणा' म्हणत, तो आता गुन्हा ठरला.

३) उभ्या झाडाचा मोबदला

पण नुसती बंदी घातली तर शेतकरी म्हणेल, 'जंगल सगळ्यांचं आणि भुर्दंड माझा एकट्याला?' हा प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याच कायद्याने दुसरी सोय केली. जंगल आपल्याला चार सेवा देतं, हे कायद्यातच मान्य केलं:

१. हवेतला कार्बन साठवणं
२. पाण्याचं रक्षण
३. जैवविविधतेचं रक्षण
४. निसर्गसौंदर्य

या सेवा जो राखतो, त्याला मोबदला मिळाला पाहिजे. १९९७ पासून सरकारचा राष्ट्रीय वन वित्त निधी जमीनमालकांशी करार करू लागला. पैसा आला कुठून? मुख्यतः इंधनावरील करातून. गाडी चालवणारा धूर सोडतो, म्हणून त्याच्याकडून घ्यायचं आणि धूर शोषणारं जंगल राखणाऱ्याला द्यायचं, असं हे साधं तत्त्व. एरेदिया शहरात तर पाणीबिलातच थोडी रक्कम डोंगरावरच्या जंगलासाठी घेतली जाते.

आता एक गणित करू. जंगल राखण्याचा दर बराच काळ हेक्टरी वर्षाला सुमारे ६४ डॉलर होता. समजा, एका शेतकऱ्याचं २० हेक्टर (सुमारे ५० एकर) जंगल आहे. त्याला वर्षाला २० × ६४ = १,२८० डॉलर मिळतील. ही काही फार मोठी रक्कम नाही. सपाट, पाण्याखालच्या जमिनीत अननस लावला तर याच्या कितीतरी पट मिळेल. पण चढावरच्या निकस कुरणाशी तुलना केली, तर हे पैसे बरे वाटतात. म्हणजे ही योजना कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही, हे जमिनीच्या प्रतीवर ठरतं.

म्हणूनच अनेक अभ्यासकांनी एक आक्षेप घेतला: सुरुवातीच्या वर्षांत बरेच पैसे अशा जमिनींना गेले, ज्या तशाही कोणी तोडणार नव्हतं. हा आक्षेप उत्तरात जरूर लिहा. पैशाने सगळं झालं असं नाही. कर्ज थांबलं, भाव पडले, कायदा बदलला, पर्यटन वाढलं, मोबदला मिळाला. या सगळ्यांनी मिळून तो बदल घडवला. आज देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा जंगलाखाली आहे.

४) मग सगळं छान झालं का?

नाही. कोस्टा रिका आज ताज्या अननसाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे. मैलोन् मैल एकच पीक, त्यावर रासायनिक फवारे. काही गावांच्या पिण्याच्या पाण्यात ब्रोमॅसिल हे तणनाशक सापडलं आणि गावकऱ्यांना अनेक वर्षं टँकरचं पाणी प्यावं लागलं. २०१७ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. जंगलाचे आकडे सुधारले म्हणून जमिनीचे सगळे प्रश्न सुटत नाहीत. शिवाय पुन्हा उगवलेलं पंचवीस वर्षांचं जंगल म्हणजे शेकडो वर्षांचं जुनं जंगल नव्हे. नकाशावर दोन्ही हिरवीच दिसतात, पण त्यातले प्राणी, वेली, माती सारखी नसते.

५) यातून आपण काय शिकायचं?

शेतकरी तोच, जमीन तीच, कुऱ्हाडही तीच. बदलला तो नियम. 'वापर' कशाला म्हणायचं आणि 'वाया' कशाला म्हणायचं, हे कागदावर ठरलं आणि त्याप्रमाणे डोंगर उघडे पडले किंवा हिरवे झाले. जमीन वापराचं धोरण हा शब्द पुस्तकात कोरडा वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच आहे.

आपल्याकडेही असे शब्द आहेत. सातबारा उताऱ्यावर लागवडीला अयोग्य जमिनीला 'पोटखराब' म्हणतात. गवताळ माळरानांना आपण सर्रास 'पडीक' म्हणतो. पण त्याच माळावर मेंढपाळांची मेंढरं चरतात, लांडगे आणि खोकड राहतात, सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य तर माळरानावरच उभं आहे. तिथे झाडं लावणं हीसुद्धा प्रत्येक वेळी 'सुधारणा' असेलच असं नाही. गवताचीही एक जागा असते.

स्वाध्याय

१. 'वृक्षतोड हे कारण नसून परिणाम आहे.' कोस्टा रिकाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. जंगलतोडीवर फक्त बंदी घातली असती आणि मोबदला दिला नसता, तर काय झालं असतं? तुमचं मत लिहा.
३. एका शेतकऱ्याकडे १५ हेक्टर जंगल आहे. हेक्टरी ६४ डॉलर दराने पाच वर्षांत त्याला किती रक्कम मिळेल?
४. घरचा किंवा शेजाऱ्यांचा सातबारा पाहा. त्यात पोटखराब क्षेत्र असेल तर त्या जागेवर प्रत्यक्ष जा. तिथे कोणती झाडं, गवत, पक्षी, किडे दिसतात याची यादी करा. पाणी मुरतं का, गुरं चरतात का, हेही घरच्या मोठ्या माणसांना विचारा. मग ठरवा, ती जमीन खरंच 'खराब' आहे का?

चौथा प्रश्न वहीत नाही, बांधावर सोडवायचा आहे. तुमच्या याद्या वर्गात जरूर घेऊन या.