मेळघाटातल्या मुक्कामाविषयी भाचीस पत्र



कोलकासचे विश्रामगृह अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या सिपना नदीच्या काठावर आहे. अमरावतीहून परतवाडा, तिथून घाटाने सेमाडोह आणि पुढे सागाच्या रानातून कोलकास, असा रस्ता आहे. परतवाडा हे वाटेवरचे शेवटचे मोठे बाजाराचे गाव. त्यानंतर औषधाच्या एखाद्या गोळीसाठीही मागे फिरावे लागते, आणि मोबाइलच्या रेंजचा भरवसा उरत नाही. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प निवडले गेले, त्यांत मेळघाट होता. वाघ इथे आहे, पण डोंगर उभे, दऱ्या खोल आणि झाडी दाट असल्याने ताडोब्यासारखा तो सहज दिसत नाही. निघण्याआधीच हे गटातल्या प्रत्येकाला माहीत असावे. मेळघाटच्या सहलीतली निम्मी नाराजी वाघाच्या अपेक्षेतून येते.

जंगलातली जुनी विश्रामगृहे सहलीसाठी बांधलेली नव्हती. साग मोजायला, वणव्याच्या जाळरेषा तपासायला आणि तोडीचे कूप पाहायला दौऱ्यावर निघालेल्या वनाधिकाऱ्यांच्या रात्रीच्या मुक्कामासाठी ती उभी राहिली. म्हणूनच ती पाण्याजवळ आणि एकमेकांपासून दिवसभराच्या चालीच्या अंतरावर असत. आज तिथे पर्यटक राहतात, तरी घडण तीच आहे: खोल्या मोजक्या, वीज बेभरवशाची, स्वयंपाक चुलीच्या वेळेनुसार. अनेक ठिकाणी शिधा आपण न्यायचा आणि खानसाम्याने रांधून द्यायचा, अशी पद्धत असते. गटाने हे आधी विचारून घ्यावे. रात्री आठला पोहोचून दहा माणसांचे जेवण मागितले, तर त्याचा भार एका माणसावर पडतो.

अनोळखी गटात नाव देण्यापूर्वी काही प्रश्न स्पष्ट विचारावेत; त्यांत संकोच करण्यासारखे काही नाही. आरक्षण कोणाच्या नावावर आहे, खोल्यांची वाटणी कशी, गटात बायका किती, गाडी कोण चालवणार, एखाद्याला मध्येच परतावे लागले तर सोय काय, आणि वर्गणीत प्रवेशशुल्क, जिप्सी व गाइड धरले आहेत की नाहीत, एवढे कळले पाहिजे. आयोजकाने उत्तर टाळले, तर तो गट सोडून द्यावा. एकट्या मुलीने प्रवासाचा आराखडा, आयोजकाचा क्रमांक आणि तिथल्या वनपरिक्षेत्र कार्यालयाचा क्रमांक घरी लिहून ठेवावा. ओळखपत्राची मूळ प्रत जवळ असावी. खोलीची कडी आतून नीट लागते का, हे पोहोचल्या पोहोचल्या उजेडात पाहावे. रात्री उशिरा कोणी शेकोटीला किंवा फिरायला बोलावले आणि मन घेत नसेल, तर ‘नाही’ म्हणून खोलीत जावे. त्यासाठी कारण द्यावे लागत नाही, आणि जो गट कारण मागतो त्याच्याबरोबर दुसऱ्यांदा जाऊ नये.

अनोळखी माणसांचा गट ओळखीच्या गटापेक्षा जंगलाला अधिक योग्य ठरू शकतो. जुन्या मित्रांना गप्पा आवरत नाहीत, अनोळखी माणसे मात्र ऐकून घेतात. पण अशा गटाला एक माप आधी ठरवावे लागते, आणि ते माप म्हणजे गटातला सर्वांत सावकाश माणूस. गुडघा दुखणारे आजोबा, उंचीला घाबरणारी मुलगी, दर दोन तासांनी पाणी लागणारा मधुमेही, यांच्या चालीने गट चालला तर कोणी मागे राहत नाही, आणि मागे कोणी राहिले नाही तर कोणाला एकटे शोधायला जावे लागत नाही. रानात माणूस हरवतो तो बहुधा गट फुटल्यावरच. म्हणून प्रत्येकाने आपला आजार, औषध आणि ॲलर्जी पहिल्या संध्याकाळी सांगून टाकावी. ती लपवण्यात मोठेपणा नाही.

सामान थोडे आणि मळकट रंगाचे असावे. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट, टॉर्च, मच्छरदाणी. मेळघाटात मलेरिया आहे, त्यामुळे मच्छरदाणी विसरून चालणार नाही. अत्तर नेऊ नये.

रात्रीचे नियम दिवसाच्या नियमांहून कडक असतात. अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय ओसरीची पायरी उतरू नये. बूट सकाळी झटकून घालावेत, आणि जमिनीवर अंथरूण घालू नये. महाराष्ट्रातल्या चार मुख्य विषारी सापांपैकी मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचा दंश कित्येकदा दुखतही नाही, म्हणून माणूस पुन्हा झोपतो आणि पहाटे पापण्या जड झाल्यावर घात कळतो. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला गाडीत घालून दवाखान्याच्या वाटेला लागावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ दवडू नये. धारणीला आणि अचलपूरला उपजिल्हा रुग्णालये आहेत. कोलकासहून कोणत्या बाजूला गाडी काढायची, हे गटाने आणि चालकाने पहिल्याच दिवशी चौकीदाराला विचारून ठेवावे.

जंगल पाहण्याचा मुख्य भाग ऐकण्याचा आहे. चितळाची किंवा वानराची इशारत आली, की गाइड जिप्सी थांबवतो आणि इंजिन बंद करायला लावतो. त्या क्षणी एकाने कुजबुजले तरी साऱ्या गाडीचे नुकसान होते. याची खरी परीक्षा बुद्धपौर्णिमेच्या रात्री होते. पूर्वी त्या रात्री पाणवठ्यावर बसून वन्यजीवांची प्रगणना होत असे. आता वाघांची गणना कॅमेऱ्यांनी होते, आणि ती मचाणावरची रात्र ‘निसर्गानुभव’ म्हणून सामान्य माणसाला मिळते. मेळघाटातही ती होते. दोन-तीन माणसे, बहुधा एकमेकांना पूर्वी न भेटलेली, संध्याकाळपासून उजाडेपर्यंत एका मचाणावर असतात. खोकला, प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज, झोप, लघवीची अडचण, हे सारे तिथे समोर येते. वर चढण्याआधीच त्यावर दोन वाक्ये मोकळेपणाने बोलून घेतली, तर रात्र सुखाची जाते.

काय दिसले हे सांगताना खरे तेवढेच सांगावे. मेळघाटात राहणाऱ्या रानपिंगळ्याची कथा इथे मोलाची आहे. ह्यूम या पक्षितज्ज्ञाने १८७३ साली या लहान घुबडाचे वर्णन केले. पुढे १८८० च्या दशकात खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने काही नमुने गोळा केले, आणि त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. मग रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या इंग्रज पक्षी-संग्राहकाने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ तो मिळाल्याचा दावा केला. मागून शोधणारे त्या नोंदीवर विसंबले. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, तेव्हा तो डेव्हिडसनच्याच संग्रहातला, संग्रहालयातून पळवून नवी चिठ्ठी लावलेला निघाला. खोटी नोंद बाजूला सारून त्या आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. नंतरच्या पाहण्यांत मेळघाट हे त्याचे मोठे घर ठरले. तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो, तरी वाघामागे धावणारी जिप्सी त्याच्याखालून निघून जाते. एका माणसाच्या खोट्या बोलण्याने इतरांची शोधाची वाट चुकली, हे गटातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. ‘मला शेपटी दिसली’ असे खात्री नसताना बोललेले वाक्य चालकाला, गाइडला आणि मागच्या गाडीला भलतीकडे नेते. घरटे सापडले तर त्याची जागा फोनवरून कोणाला पाठवू नये.

मेळघाट कोरकूंचा मुलूख आहे. गाइड, चालक, खानसामे यांतले बरेचसे कोरकू गावांतून येतात, आणि व्याघ्रप्रकल्पासाठी काही गावांना आपली जागा सोडून बाहेर वसावे लागले आहे. म्हणून त्यांच्या रानात जाणाऱ्याने त्यांना नावाने हाक मारावी, वयाने मोठ्यांना ‘दादा’, ‘काका’ म्हणावे, घराचे किंवा बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. रस्त्यावर मुलांना चॉकलेटे वाटू नयेत, त्याने मुलांना गाड्यांमागे धावायची सवय लागते. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. त्या दिवसांत मुक्काम ठरवला तर स्वयंपाकाला आणि गाडीला माणूस घरून ओढून आणावा लागतो. ते दिवस टाळावेत.

मोहाच्या फुलांच्या दिवसांत, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे झाडाखाली अस्वल असते. पायी फिरायची परवानगी असली तरी गाइडला सोडून कोणी पुढे जाऊ नये. अचानक समोर आलेले अस्वल वाघापेक्षा लवकर अंगावर येते.

निघताना खोली झाडून, कचरा पिशवीत भरून परतवाड्यापर्यंत सोबत न्यावा. गटाचा हिशेब विश्रामगृहातच, सगळ्यांसमोर मिटवावा. खानसाम्याची आणि गाइडची बक्षिसी आयोजकामार्फत न देता त्यांच्या हातात द्यावी, आणि नोंदवहीत कोणते प्राणी-पक्षी कुठे दिसले ते तारखेसह लिहावे.

कळावे,
मामा