आधुनिक शालेय ग्रंथालय : कपाटापासून संगणकापर्यंत

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. वसतिगृहे काढणे आणि वाचनालये उघडणे या दोन्ही गोष्टी सभेच्या उद्दिष्टांत होत्या. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ येऊच दिला गेला नाही, तेथील मुलाला वर्गात बसवून भागत नाही. शाळा सुटल्यावर त्याच्या हाती पुस्तक आणि बसायला उजेड असावा लागतो. निवासी शाळेत ग्रंथालय हेच विद्यार्थ्याचे घरचे कपाट असते. म्हणून आधुनिक ग्रंथालय उभारताना संगणक किती घ्यावेत, हा पहिला प्रश्न नव्हे. विद्यार्थी आणि ज्ञान यांच्यामध्ये आज कोणते अडसर आहेत, हा पहिला प्रश्न होय.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ वापरासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथालय सतत वाढत राहते. तंत्रज्ञानाची कसोटीही हीच सूत्रे होत.

जागा. कपाटे उघडी आणि आठवीच्या मुलामुलींचा हात पोहोचेल एवढ्याच उंचीची असावीत. पडद्यावर ऊन चमकू नये म्हणून संगणक खिडकीला काटकोनात मांडावेत. विजेची जोडणी आरंभीच आखावी आणि भारनियमनासाठी इन्व्हर्टर ठेवावा. संध्याकाळचे दोन तास ग्रंथालय उघडे राहणार नसेल, तर बाकी सारी सजावट व्यर्थ आहे.

ग्रंथसूची. न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालेली ‘कोहा’ ही प्रणाली २००० सालापासून वापरात आहे. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. ती विनामूल्य मिळते. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही भारतीय प्रणालीही आहे. कोणतीही निवडली तरी मराठी पुस्तकांच्या नोंदी युनिकोड देवनागरीतच कराव्यात. रोमन लिपीत नोंदवलेले पुस्तक मराठीतून शोधणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हरवलेलेच असते. देवघेवीला साधा बारकोड पुरतो.

आंतरजालाविना वाचन. खेड्यातील जोडणी बेभरवशाची असते. ‘किविक्स’ या विनामूल्य साधनाने मराठी विकिपीडिया एका संगणकावर उतरवून ठेवता येतो आणि शाळेच्या अंतर्गत जाळ्यातून सर्वांना वाचता येतो. जोडणी असेल तेव्हा खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खुले असतेच. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांचा हक्क २०१६च्या अखेरीस संपला. त्यांच्या डिजिटल प्रती निःशंकपणे ठेवता येतात.

समान संधी. दहा संगणक आणि दोनशे विद्यार्थी असे प्रमाण असेल, तर धीट मुलेच खुर्ची पटकावतात. घरी संगणक न पाहिलेली मुलगी मागे उभी राहते. यासाठी नावानिशी वेळापत्रक भिंतीवर लावावे आणि नवख्यांना पहिली पाळी द्यावी. दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी ‘एनव्हीडीए’ हे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे विनामूल्य साधन बसवावे. त्यासाठी लागतो तो एक हेडफोन आणि शिकवणारा शिक्षक.

दुसरी प्रत. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतत असताना त्यांचा ग्रंथसंग्रह वेगळ्या जहाजाने निघाला होता. ते जहाज महायुद्धात बुडवले गेले आणि संग्रह समुद्रात गेला. एकाच ठिकाणी असलेली एकच प्रत केव्हाही नष्ट होऊ शकते, हा त्या घटनेचा धडा आहे. ग्रंथसूची, जुन्या स्मरणिका, छायाचित्रे आणि वस्तीतील वडीलधाऱ्यांच्या ध्वनिमुद्रित आठवणी यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात. आपला इतिहास दुसरा कोणी जपून ठेवील, असे मानण्याचे दिवस आपण कधी पाहिलेले नाहीत.

आता अखेरचा अडसर. पुस्तक हरवले की भरपाई ग्रंथपालाच्या माथी मारण्याची रीत अनेक शाळांत आहे. अशा वेळी कुलूप लावणे हाच त्याच्यापुढे शहाणपणाचा मार्ग उरतो. पुढे संगणकावरही तसेच आच्छादन चढते. वापरात पुस्तके फाटणार आणि उपकरणे बिघडणार, हे गृहीत धरून व्यवस्थापनाने अंदाजपत्रकात दरवर्षी ठरावीक रक्कम राखावी आणि प्रामाणिक वापरातील हानीबद्दल ग्रंथपालाला दोषमुक्त ठेवावे. हा ठराव झाल्याखेरीज कोणतेही यंत्र विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणार नाही.

माजी विद्यार्थ्यांकडे म्हणूनच एक मागणे आहे. नावाची पाटी लावून संगणक भेट देणारे भेटतात. त्याची बॅटरी पाच वर्षांनी बदलून देणारे क्वचित भेटतात. प्रत्येक तुकडीने एका वार्षिक खर्चाचा भार उचलावा : कोणी दुरुस्तीचा, कोणी नव्या पुस्तकांचा, कोणी संध्याकाळी थांबणाऱ्या सहायकाच्या मानधनाचा. त्या दोन तासांच्या उजेडात बसलेली मुले कोणाच्या घरची आहेत, हे आपणांस सांगावयास नको.